खोडलेली ओळ

वाक्य तोंडातून निघून गेलं, आणि मग रतनला कळलं की ते निघून गेलं. तोवर ती नेहमीसारखी वाचत होती, म्हणजे जरा भरभरच. आपलंच लिहिलेलं मोठ्यानं वाचताना माणूस वाचतो तसं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे आणि आपला त्याच्याशी फारसा संबंध नाही. सकाळचे साडेदहा झाले असतील. लोणावळ्यातल्या गवळीवाड्यात तिचं दोन खणांचं घर होतं आणि त्याच्या ओट्यावर मार्गशीर्षातलं ऊन आलं होतं. शेजारची खुर्शीदा सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती, आणि टपालवाल्यानं नुकतंच दिलेलं मासिक, लढाईतल्या कागदटंचाईनं हडकलेलं, रतनच्या मांडीवर उघडं होतं. त्यात तिची कथा आली होती, ‘पाठवणी’. खुर्शीदाला वाचता येत नसे, पण छापून आलेली कथा ऐकायचा पहिला हक्क तिचा, हे दोघींत केव्हाच ठरून गेलं होतं. कथेतली सून माहेरी जाऊन बसली होती, सासरचं कुणी तिला न्यायला येत नव्हतं, महिन्यांमागून महिने चालले होते, आणि रतन वाचत होती : ‘तो आला नाही, कारण त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं.’

खुर्शीदाचं सूप थांबलं. ‘हे लय खरं लिव्हलंस बघ,’ ती म्हणाली. ‘आमचा थोरला भाऊ आसाच. बायकूला आणायला जायाचं, तर तितं बी आईच्या तोंडाकडं बघत बसला.’ मग तिनं एक खडा वेचून अंगणात भिरकावला आणि विचारलं, ‘दत्तोबाभाऊंनी वाचलं का गं हे?’

‘त्यांनीच तर नक्कल केली,’ रतन म्हणाली, आणि तीच ओळ तिनं पुन्हा पाहिली. कारण ते वाक्य तिनं खोडलं होतं. लिहिलं होतं हे खरं, एका दुपारी तव्यावरची भाकरी करपेपर्यंत झरझर लिहिलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी खोडून त्याच्या जागी दुसरं बसवलं होतं. ‘कचेरीतून रजा न मिळाल्यामुळे त्याला येता आलं नाही.’ सरळ, सभ्य, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेलं वाक्य. ते कुठं गेलं? पुढच्या दहा ओळी तिनं डोळ्यांनी चाचपून पाहिल्या. नव्हतं. खुर्शीदानं ‘पुढं?’ म्हटलं तेव्हा तिनं उरलेली कथा वाचून टाकली, पण काय वाचलं ते तिचं तिला कळलं नाही.

दत्तोबा शेलार, रतनचा नवरा, वडगावच्या कोर्टात नक्कलनवीस होता. सकाळच्या गाडीनं लोणावळ्याहून जायचं, दिवसभर लोकांच्या फैसल्यांच्या, खरेदीखतांच्या, जबान्यांच्या नकला उतरवायच्या आणि दिवेलागणीला परतायचं, असा त्याचा एकोणीस वर्षांचा शिरस्ता. अक्षर असं की वकील मुद्दाम त्याच्या हातची नक्कल मागून घेत. अस्सलात असेल ते नकलेत, नसेल ते नाही, हा खात्याचा नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता. अस्सलात शब्द चुकला असेल तर चुकलेलाच लिहायचा, खोडला असेल तर खोडलेला म्हणून दाखवायचा, आणि आपलं शहाणपण घरी ठेवून यायचं. मक्षिकास्थाने मक्षिका म्हणून लोक नक्कलनविसांची टिंगल करतात, त्यावर दत्तोबा गंभीर चेहऱ्यानं म्हणे, ‘माशीसुद्धा कुणाच्या तरी पुराव्यातली असते.’ हा विनोद होता की नव्हता, याचा उलगडा रतनला सोळा वर्षांत झाला नव्हता. नक्कल पुरी झाली की शेवटी ‘खरी नक्कल’ लिहून तो सही करी, आणि ती सही करताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येई ते तिनं पुरणपोळीच्या पंगतीतही कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर तो हातपाय धुई, चहा घेई, बैठं मेज दिव्याशी ओढी, कागदाला समास आखी, टाक पुसून ठेवी आणि विचारी, ‘आज नक्कल आहे का?’ रतनचं अक्षर म्हणजे चिखलात कोंबडी नाचून गेल्यासारखं. तिची पानं कुठल्याही छापखान्यात कुणाच्या बापाला लागली नसती. ती दत्तोबाला लागत. नक्कल असली की ती पानं पुढं करी. नसली की ‘नाही’ म्हणे, आणि खरी गोम इथंच होती, कारण नाही म्हटलं तरी तो उठत नसे. आखलेला कोरा कागद समोर ठेवून तो अर्धा तास तसाच बसे. रुसून नव्हे, रागावून नव्हे. गाडीला उशीर असला की माणूस फलाटावर बसतो तसा. त्या कोऱ्या कागदासमोरच्या नवऱ्याची तिला अशी काही शरम वाटे की दुसऱ्या दिवशी चुलीचं आवरल्याबरोबर ती पेन्सिल शोधायला लागे. तिच्या पहिल्या दहा कथांपैकी निम्म्या तरी नवऱ्याचा हात रिकामा राहू नये एवढ्याचसाठी लिहिल्या गेल्या होत्या. साभार परत आलेली कथा ती चुलीत घालायला निघाली की तो तिच्या हातातून काढून घेई आणि पहिल्या अक्षरापासून नवी नक्कल करायला बसे. ‘पानं मळली की संपादकाला कळतं, ही कुठूनतरी फिरून आली आहे,’ एवढंच म्हणे. एक कथा त्यानं अशी पाच वेळा उतरवली, आणि पाचव्या खेपेला ती छापून आली. चांगली आहे की वाईट, हे तो तेव्हाही बोलला नाही. सोळा वर्षांत एकदाही बोलला नाही.

आणि त्याच सोळा वर्षांत तिनं मारलेल्या रेघेखालचा एक शब्दही त्यानं परत आणला नव्हता. कचेरीत काहीही असो, घरात खोडलेलं ते खोडलेलं, हा पहिल्या दिवशीचा करार होता.

खुर्शीदा गेल्यावर रतननं ट्रंक उघडली. तिच्या हातची अस्सल पानं दत्तोबा दोऱ्यानं बांधून ट्रंकेत ठेवी, वर चिठ्ठी आणि तारीख. ‘पाठवणी’चं पुडकं सापडलं, ओळही सापडली. तिनं ती खोडली होती यात शंकाच नव्हती. इतकी काळी केली होती की कागद फुगून आला होता. मग तिला आठवलं ते अधिक वाईट होतं. नक्कल झाली की दोघं रुजवात घेत. तो मोठ्यानं वाची, ती अस्सल हातात धरून ताडून पाही. यंदा लेकीच्या, लीलाच्या लग्नाची गडबड होती, घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि दत्तोबा म्हणाला होता, ‘रुजवात मी एकटाच घेतो. तू तिकडं बघ.’ केवढं बरं वाटलं होतं तेव्हा.

मग काय समजायचं? एक तर हात चुकला. कचेरीची सवय घरात आली, खोडलेलं दिसलं आणि उतरवलं गेलं. म्हणजे सोळा वर्षं हा माणूस नुसती अक्षरं काढत होता, आणि अक्षरांखाली काय आहे याचा त्याला पत्ता नव्हता. ही शंका रतनला नवी नव्हती. पावसाळी संध्याकाळी कधी कधी ती त्याच्या वाकलेल्या मानेकडं बघत विचार करी, की मी लिहिते ते या माणसाच्या डोळ्यांतून शिरून हातातून निघून जातं, मध्ये कुठं थांबतं का? नाही तर मग त्यानं वाचलं होतं. त्या ओळीतला ‘तो’ म्हणजे आपण, हे ओळखलं होतं. आणि ती ओळ आता वडगावापासून खंडाळ्यापर्यंत ज्याच्या त्याच्या हातात पडणार होती. पहिलं खरं असेल तर तिला कधी वाचकच नव्हता. दुसरं खरं असेल तर तिनं सोळा वर्षं सांभाळलेल्या माणसाला चव्हाट्यावर उभं केलं होतं. दोन्हींपैकी काहीही असो, संध्याकाळी तो मेज ओढून ‘आज नक्कल आहे का?’ म्हणेल तेव्हा आपण पानं पुढं करू शकणार नाही, आज नाही आणि पुढंही नाही, हे तिला स्वच्छ दिसलं आणि ती घाबरली. अर्धी झालेली नवी कथा फडताळात पडून होती. तिनं ती पानं पिशवीत कोंबली, का ते तिला सांगता आलं नसतं, दाराला कडी घातली आणि स्टेशनची वाट धरली.

पुण्याकडच्या गाडीत बायकांच्या डब्यात एक म्हातारी आणि तिची दोन कोंबडी एवढीच सोबत होती. मळवलीला भाजे गावच्या दोघी भाजीच्या पाट्या घेऊन चढल्या. खाचरांतलं भात कापून झालं होतं, खळ्यांवर झोडणी चालली होती, आणि उघड्या खिडकीतून पेंढ्याचा कोरडा वास आत येत होता. त्या वासाबरोबर रतनला नेहमी एकच गोष्ट आठवे, ती म्हणजे तेहतीस अनारसे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी श्रावण अधिक आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना, जावयाला वाण द्यायचा. रतनचा बाप बेडशाचा शेतकरी. आबांनी तेहतीस अनारसे, तांब्याचं निरांजन आणि उपरणं असं यथासांग वाण बांधलं, भर पावसात कामशेतपर्यंत पायी आले, गाडीत बसले, आणि लोणावळ्याला यायचं सोडून वडगावला गेले. कोर्टाच्या पडवीत जावयाला बोलावून घेतलं, पक्षकारांच्या देखत कुंकू लावलं, वाण हातात दिलं आणि परत फिरले. त्यांचा हिशेब सरळ होता. वाण जावयाचं, मग जावई बसतो तिथं द्यावं. दत्तोबानं ते संध्याकाळी बाजारची पिशवी आणावी तसं गाडीतून घरी आणलं.

सासूबाईंनी, अंबूबाईंनी, ती पिशवी उघडून पाहिली. ‘वाण काय कोरटात देत्यात? जावई काय आरोपी हाय?’ त्या म्हणाल्या. त्यांच्या उंबऱ्याला पाय न लावता वाण दिलं गेलं, हा अपमान त्यांनी गाठीला बांधून ठेवला. अनारसे मात्र सगळे खाल्ले. पुढच्या महिन्यात नागपंचमीला रतनचा भाऊ महिपती मुराळी म्हणून आला तेव्हा त्या इतक्या गोड बोलल्या की रतनला तेव्हाच संशय यायला हवा होता. ती माहेरी गेली. आणि न्यायला कुणी आलं नाही. सासरच्यानं न्यायला आल्याशिवाय सून आपल्या पायानं परत जात नाही. गेली तर तिच्या बापाची मान खाली जाते. गौरी गेल्या, दसरा गेला, दिवाळी गेली, आणि ती पाण्याला गेली की बायका बोलायच्या थांबू लागल्या.

अकरा महिने. बेडशाच्या डोंगरात जुनी लेणी आहेत; सकाळची कामं झाली की रतन शेळ्यांचं निमित्त करून वर जाई आणि त्या मोठ्या दगडी खांबांच्या सावलीत बसे. तिथून खालची वाट दिसे. वाटेवर माणूस दिसला की आधी छत्री आहे का बघायचं, कारण दत्तोबा उन्हाळ्यातही छत्री वापरी. छत्र्या पुष्कळ दिसल्या. वडगावला मामीकडं राहून ती मराठी सहावीपर्यंत शिकली होती. बघून बघून डोळे दुखले तेव्हा तिनं महिपतीची एक वही मागून घेतली आणि वाटेवरून येणाऱ्या माणसांबद्दल लिहायला लागली. हा कुठून आला असेल, कुणाकडं चालला असेल, त्याच्या घरी काय शिजलं असेल. न आलेल्या एका माणसामुळं आलेली सगळी माणसं तिला दिसायला लागली, हे पुढं तिचं तिलाच नवल वाटे. बाराव्या महिन्यात अंबूबाईंचा हात मोडला, घरात भाकरी थापायला कुणी उरलं नाही, आणि त्या मुलाला म्हणाल्या, ‘जा, घिऊन ये तिला.’ तो दुसऱ्या दिवशी आला, छत्री घेऊन. कामशेतकडं चालताना पाऊण वाट सरल्यावर तो म्हणाला, ‘कचेरीतून रजा मिळाली नाही.’ रतननं मान हलवली. गाडीत त्यानं तिच्या मांडीवरची वही उचलली आणि लोणावळं येईपर्यंत मान वर केली नाही. आठवड्यानं त्या वहीतली पहिली गोष्ट त्यानं तिच्यापुढं ठेवली, आखलेल्या कागदावर, वळणदार अक्षरात, शेवटी सवयीनं ‘खरी नक्कल’ लिहून. आपण लिहिलेलं इतकं देखणं असू शकतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून तिनं अकरा महिन्यांबद्दल एक शब्द काढला नाही. लिहिला, तो आत्ता, या कथेत, सासूबाई वारल्यावर तीन वर्षांनी. आणि तोही खोडला.

वडगावच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली पक्षकार बसले होते. पट्टेवाला नथू तिला ओळखत होता, तो लगबगीनं पुढं आला. ‘वहिनी, तुमी हितं? समदं बरं हाय न्हवं?’

‘बरं आहे. ह्यांना जरा भेटायचं होतं.’

‘बसल्यात की नकला उतरत. तुमची गोष्ट काल वाचली हो आमी. म्हंजे ऐकली.’ नथूच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि मागं थोडा संकोचही. ‘हेडक्लार्कसायबांकडं कालच आलं त्ये बुक. मधल्या सुटीत म्हणलं, शेलार, तुमच्या मंडळींची गोष्ट हाय, वाचा बघू. दत्तोबांनीच वाचली, जबानी वाचत्यात तशी.’

‘सगळी?’

‘समदी. ती ‘जा म्हटलं नव्हतं’ अशी वळ आली, तवा कारकून मंडळी खाली बगाय लागली. समद्यास्नी ठावं हाय ना त्ये वाणाचं, हितंच पडवीत झाल्यालं, आन पुढलं बी. दत्तोबा थांबलं. पान्याचा घोट घेतला. आन तीच वळ पुन्यांदा वाचली.’

रतननं विचारलं, ‘मग?’

‘मंग शेवटाला बुक मिटून म्हणलं, खरी नक्कल. आन बसलं कामाला.’

म्हणजे काल. काल तो घरी आला होता, हातपाय धुतले होते, चहा घेतला होता, ‘आज नक्कल आहे का?’ विचारलं होतं आणि ती नाही म्हणाल्यावर कोऱ्या कागदासमोर अर्धा तास बसला होता. तेव्हा हे सगळं त्याच्या पोटात होतं. नक्कल खात्याच्या खिडकीतून तिला त्याची वाकलेली मान दिसली. कानामागं चष्म्याचा दोरा, मानेवर पिकलेले केस, कोपर मेजावर नेमकं कुठं टेकायचं तिथं टेकलेलं. हा माणूस नुसती अक्षरं काढत नव्हता, एवढं तरी आता उघड होतं. आपल्याला वाचक होता, पहिल्या दिवसापासून होता, याचा तिला आनंद झाला. आणि त्याच क्षणी आपण त्याच वाचकाला काय वाचायला लावलं, हे आठवून तिला तिथून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात त्यानं वर पाहिलं. टाक पुसला, दौतीला झाकण लावलं आणि बाहेर आला.

‘घरी सगळं ठीक?’ कडुनिंबाच्या पलीकडं, जरा बाजूला गेल्यावर त्यानं विचारलं.

‘ठीक आहे. मासिक आलं.’

‘हं.’

‘ती ओळ चुकून उतरली का?’

‘माझी चूक कधी निघाली आहे?’ तो म्हणाला. त्यात बढाई नव्हती, माहिती होती. मग साक्षीदाराला समजावून सांगावं तसं तो बोलू लागला. ‘कथेला एखादा शब्द नको असला की तू एक आडवी रेघ मारतेस आणि पुढं जातेस. ही ओळ तू गिरवून गिरवून काळी केली होतीस. कागद फाटायला आला होता. असं कुणी कथेसाठी खोडत नाही, कुणासाठी तरी खोडतं. आमच्याकडं असा कागद आला की आम्ही आधी तो उजेडाला धरतो.’

‘मी तुमच्यासाठीच खोडली होती.’

‘ते कळलं म्हणून तर लिहिली. कथेसाठी खोडली असतीस तर हात लावला नसता.’

‘आणि वरचं वाक्य? रजेचं?’

‘ते तुझं नव्हतं, माझं होतं,’ दत्तोबा म्हणाला. त्यानं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला. ‘बेडशाच्या वाटेवर तुला सांगितलेलं. रजा मिळाली नाही म्हणून. मी रजा मागितलीच नव्हती. रोज ठरवायचो, उद्या मागू. आई काही म्हणेल म्हणून थांबायचो. आई काही म्हणायची नाही. माझं खोटं तुझ्या गोष्टीत कशाला? तिथं बाकी सगळं खरं आहे.’

सोळा वर्षांत हा त्याचा पहिला अभिप्राय. रतनला तो इतका पुरेसा वाटला की यापुढं त्यानं आणखी सोळा वर्षं मौन धरलं असतं तरी चाललं असतं.

‘राग नाही आला तुम्हाला?’

‘आला की. दोन दिवस आला. टाक हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो. तिसऱ्या दिवशी वाटलं, तू अकरा महिने थांबलीस, आणि मला एक ओळ लिहायला किती दिवस लागावेत?’

‘मला विचारायचं तरी.’

‘विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. मग मला थांबावं लागलं असतं.’ त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. ‘थांब इथं. आलो.’

तो आत गेला. खिडकीतून तिला दिसलं की तो हेडक्लार्कच्या मेजासमोर उभा आहे, काही बोलतो आहे, आणि हेडक्लार्क नवल वाटून त्याच्याकडं बघतो आहे. मग तो छत्री घेऊन बाहेर आला. ‘अर्ध्या दिवसाची रजा मागून आलो.’

‘मिळाली?’

‘मागितली की मिळते,’ दत्तोबा म्हणाला. या खेपेला तो विनोद होता, हे तिला नक्की कळलं.

स्टेशनात गाडीला अवकाश होता. बाकावर टेकल्यावर त्यानं तिच्या पिशवीकडं पाहिलं, पानांची टोकं वर आली होती. ‘आज नक्कल आहे का?’ त्यानं विचारलं, दिवसाढवळ्या, फलाटावर, मेज नाही की टाक नाही. सकाळी या प्रश्नाला घाबरून ती घरातून निघाली होती. तिनं पानं काढली आणि त्याच्या हातात दिली, अर्धवट होती तरी दिली. तो वाचत गेला. आता तिनं वाचणारा चेहरा न्याहाळून पाहिला, आणि आजवर आपण त्याची मान बघत बसलो हा आपलाच वेडेपणा, असं तिला वाटलं. डोळे ओळीवरून जात होते, मध्येच मागं येत होते, एके ठिकाणी मिशीखाली काहीतरी हललं. चौथ्या पानावर तो थांबला. तिथं पुन्हा एक काळा पट्टा होता, तीन बोटं लांब. त्यानं पान उचलून उन्हाला धरलं.

‘हे कुणासाठी?’

‘आईंसाठी,’ रतन म्हणाली. ‘वाईट दिसतं. गेलेल्या माणसाबद्दल.’

त्यानं ते पुरतं वाचलं. वाचायला वेळ लागला, आई त्याची होती. मग पानं नीट जुळवून तिच्या हातात दिली. ‘तेहतीसच्या तेहतीस खाल्ले होते तिनं. हे खरं आहे,’ तो म्हणाला. ‘राहू दे.’ रतनला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं न लपवता पुसलं. कथा कुठं अडली होती ते तिला आठवलं. अडायचं काही कारणच नव्हतं. पुढचं पान तिला इथूनच दिसत होतं, त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा.

गाडी आली. आज ती बायकांच्या डब्यात न जाता त्याच्याबरोबर मोठ्या डब्यात, शेजारी बसली. कान्हे गेलं. कामशेत आलं तेव्हा ऊन कलायला अजून अवकाश होता. फलाटापलीकडून बेडशाकडं जाणारी वाट पांढरी दिसत होती, एक बैलगाडी पेंढा लादून तिकडंच वळत होती. गेल्या सोळा वर्षांत दत्तोबा त्या वाटेनं गेला तो दर खेपेला कुणी बोलावलं म्हणून, कुणी पाठवलं म्हणून. महिपतीच्या लग्नाला, आबांच्या आजारपणात. गाडी थांबली. तो उठला, छत्री घेतली आणि दाराकडं निघाला.

‘अहो, लोणावळं नाही हे.’

‘माहीत आहे. बेडशाला जाऊ. आबांना भेटून येऊ.’

‘कुणी बोलावलंय?’

‘कुणी नाही,’ दत्तोबा म्हणाला, आणि खाली उतरून तिच्या पिशवीसाठी हात पुढं केला.

रतननं पिशवी त्याच्या हातात दिली आणि उतरली. पानं सांभाळून, पिशवी छातीशी धरून, तो पुढं चालू लागला. चांगली छापलेली, दोनदा वाचून दाखवलेली तिची ओळ आता खोटी पडली होती, आणि तिला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.